तांबट आळीतून घडवून आणलेला तांब्याचा बंब: एका वायंडिंगवाल्याचं परीक्षण

आंघोळीचं पाणी तापवायचा पंचवीस लिटरचा तांब्याचा बंब, वीस गेजचा (गेज म्हणजे जाडीचं माप) पत्रा, बाहेरून हातोड्याच्या ठोक्यांनी मठारलेला, पितळी तोटीचा. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत सांगून घडवून घेतला. अख्खा हिवाळा आमच्या घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी त्याच्यावर झाल्या आहेत, त्यामुळे आता त्याच्याबद्दल खात्रीनं लिहिता येईल. वस्तू उत्तम आहे. तोटी आणि कड्या मात्र मनासारख्या निघाल्या नाहीत, त्याविषयी पुढे सांगतो. दुकानाचं नाव देत नाही. आळीत हे काम करणारी घरं एकमेकांना लागून आहेत, आणि मी जे सांगणार आहे ते कुठल्याही दारात उभं राहून तपासता येईल असंच आहे.

माझं वाईत मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. कृष्णाकाठचे पाणबुडी पंप, गिरणीच्या मोटरी, कडबाकुट्टीच्या मोटरी जळून येतात आणि आम्ही त्यांत नवी तार भरून देतो. म्हणजे तांबं रोज हातात असतं, फक्त तारेच्या रूपात. भांड्यातलं मला काही कळत नव्हतं, पण धातू ओळखीचा होता आणि त्या ओळखीचा खरेदीत फार उपयोग झाला.

बंबच का, असं बरेच जण विचारतात. आमच्याकडे जळण फुकट आहे. तुराट्या, मक्याची बुरकुंडं, करवंट्या, छाटणीच्या काटक्या हे सगळं बांधावर पडून असतं. सोलरचं पाणी ढगाळ दिवसात जेमतेम कोमट येतं आणि गिझरचा भरवसा विजेवर. पंचवीस लिटर पाणी वीस अंशांवरून साठ अंशांवर न्यायला साधारण सव्वा युनिट लागतं. हे गणित कुठल्याही गिझरला सारखंच, त्यात कंपनी बदलून फरक पडत नाही. बंबात तेवढंच पाणी किलोभर सुक्या लाकडात तापतं.

ज्यांनी बंब पाहिलेला नाही त्यांच्यासाठी रचना सांगतो. खाली तीन पायांवर राखेची जागा, तिच्यावर जाळी. जाळीपासून थेट वरपर्यंत मधोमध एक नळकांडं जातं आणि त्याच्याभोवती पाणी असतं. सरपण वरून नळकांड्यात टाकायचं. ते जाळीवर जळतं आणि धूर वर जाता जाता पाण्याला उष्णता देऊन जातो. एका बाजूला गार पाणी ओतायचं नरसाळ्यासारखं तोंड असतं, दुसऱ्या बाजूला तोटी. आमच्या बंबाची तोटी तळापासून चार बोटं वर बसवली आहे. त्यामुळे कितीही पाणी काढलं तरी तळाशी थोडं राहतंच आणि जाळ चालू असताना तळ कोरडा पडत नाही. ऑर्डर देताना हे आवर्जून सांगा, कारण काही ठिकाणी तोटी अगदी तळाला लावलेली पाहिली.

आता पत्रा. बंब घेताना पहिल्यांदा बघायची गोष्ट हीच आणि गिऱ्हाईक नेमकं हेच बघत नाही. चकाकी बघतात, नक्षी बघतात. मी दुकानातून स्क्रूगेज, म्हणजे बारीक जाडी मोजायचं साधन, खिशात घालूनच गेलो होतो. आम्ही तारेचा गेज त्यानंच मोजतो. आधी पेठेबाहेरच्या एका दुकानात तयार बंब मोजला, तर काठाला 0.55 मिलिमीटर, म्हणजे चोवीस गेज. दिसायला झकास, पण पोटावर अंगठा दाबला की पत्रा आत जायचा. चोवीस गेजचा बंब हलका आणि स्वस्त असतो, पण रोज जाळाखाली राहायचं म्हटलं तर तो पोचायला आणि सांध्याला उसवायला वेळ लागत नाही. वीस गेज म्हणजे 0.91 मिलिमीटर, अठरा गेज 1.22. गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड, हे नव्या माणसाला उलटं वाटतं, म्हणून आकडा ऐकून घेण्यापेक्षा मिलिमीटरमध्ये मोजून घ्यावं. अठरा गेजमध्ये बंब फार जड होतो आणि पैसेही वाढतात. घरच्या वापराला वीस पुरेसा आहे.

तांबट आळीतल्या काकांनी माझ्या हातातला स्क्रूगेज पाहिला आणि स्वतःच पत्र्याचा तुकडा पुढे केला. म्हणाले, "मोजा, मोजा. मोजून घेणारं गिऱ्हाईक आलं की आम्हालाही बरं वाटतं." तिथेच माझा निर्णय झाला.

वजनावरूनही अंदाज येतो. तांब्याची घनता 8.96, म्हणजे एक घन सेंटिमीटरला जवळजवळ नऊ ग्रॅम. एक फूट व्यासाचा, दीड फूट उंचीचा बंब वीस गेजच्या पत्र्यात, नळकांड्यासकट सहा किलोच्या आसपास भरायला हवा. त्याच मापाचा बंब चार किलोच्या खाली भरला तर पत्रा बारीक आहे असं खुशाल समजा. मात्र पितळी तोटी आणि लोखंडी जाळी काढून वजन करायला सांगा, नाहीतर तेही तांब्याच्या भावानं लागतं. आमचा बंब त्यांनी जाळी बाजूला ठेवून तोलला, न सांगता. किंमत इथे लिहीत नाही कारण तांब्याचा भाव सतत हलता असतो. त्या दिवसाचा किलोचा दर, वर घडणावळ, असा हिशेब होतो आणि तो कागदावर मांडून दिला जातो. जुनी भांडी मोडीत घेतात. आमची फुटकी कळशी त्यांनी मोडीच्या भावानं वळती करून घेतली. जळक्या मोटरींतली तार मात्र घेत नाहीत, तिच्यावर एनॅमलची, म्हणजे तारेवरच्या वीजरोधक लेपाची, राख असते.

काम चालू असताना मी बराच वेळ तिथे बसलो. या आळीला पेशवाईपासूनची परंपरा आहे. कोकणातून आलेले तांबट तेव्हापासून शनिवारवाड्यापासून जवळच, इथे वसले. गल्लीत शिरायच्या आधीच ठोक्यांचा आवाज कानावर येतो. कारागीर भांडं ऐरणीच्या गोल टोकावर चढवतो, डाव्या हातानं किंचित किंचित फिरवत राहतो आणि उजव्या हातातला हातोडा एकाच उंचीवरून पडत राहतो. प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्यावर अर्धा चढतो, म्हणून मधे कोरी जागा राहत नाही. एक रांग भांड्याभोवती पुरी झाली की लगेच खालची रांग सुरू. हेच मठारकाम. त्या खळग्यांवर उजेड चमकतो म्हणून लोकांना ते शोभेचं वाटतं, पण त्याचं खरं काम पत्रा ताठ करण्याचं आहे.

हे मला ताबडतोब पटलं, कारण तारेच्या बाबतीत तेच घडतं. तांबं ठोकलं, ओढलं, वाकवलं की कडक होतं. तार ओढून बारीक करतात तेव्हा ती इतकी ताठ होते की मोटरीच्या खाचेत बसणारच नाही. म्हणून एनॅमल चढवण्याआधी तिला तापवून मऊ करतात. तांबट तेच उलट्या क्रमानं वापरतो. आधी पत्रा मंद लाल होईपर्यंत तापवून मऊ करायचा, आकार द्यायचा, पुन्हा कडक झाला की पुन्हा तापवायचा आणि शेवटी मठारून कडक करून सोडायचा. तापलेलं तांबं पाण्यात बुडवलं तरी चालतं. पोलाद पाण्यात बुडवलं तर कडक होतं, तांब्याचं तसं होत नाही, ते मऊच राहतं. ठोक्याचा आवाजही बदलत जातो. मऊ पत्र्यावर तो बसका येतो, पत्रा कडक व्हायला लागला की खणखणीत. काका बोलता बोलता दुसरीकडे बघत होते आणि हात चालूच होता. आवाजावरून त्यांना कळत होतं.

एक सावधगिरी. ठोके दिसले म्हणजे सगळं हातानं घडलंय असं नसतं. पुष्कळ भांडी यंत्रावर ओढून तयार येतात आणि वरून फक्त मठारली जातात. त्यात फसवणूक नाही, पत्रा जाड असेल तर तीही टिकतात. पण दर हातघडणीचा लावत असतील तर विचारून घ्या.

नळकांडं मठारलेलं घेऊ नका. आमचं साधं, गुळगुळीत आहे. आतून काजळी ब्रशनं काढायची असते आणि खळग्यांत ती धरून बसते.

जाडीनंतर सांधा. बंबात पाणी राहणार की नाही हे सांध्यावर ठरतं. आमच्या बंबाच्या उभ्या सांध्यात पत्र्याच्या दोन्ही कडांना दात पाडून ते एकमेकांत अडकवले आहेत आणि मग टाकणखार (बोरॅक्स) लावून पितळी डाग दिला आहे, म्हणजे पितळ वितळवून सांधा जोडला आहे. जवळून पाहिलं की तांबड्या पत्र्यात पिवळसर नागमोडी रेघ दिसते. ती रेघ सलग असली पाहिजे. राखाडी, मऊ दिसणारा डाग असेल तर तो कथिल-शिशाचा. शिसं-कथिलाचं मिश्रण 183 अंशांपासूनच वितळू लागतं आणि पितळी डागाला आठशे-नऊशे अंश लागतात. तांबं स्वतः 1085 अंशांना वितळतं. पाणी भरलेलं असेपर्यंत पत्र्याचं तापमान फारसं वर जातच नाही, पण एखाद्या दिवशी कुणी कोरड्या बंबात जाळ घातला तर मऊ डाग आधी सुटणार. काकांनी निरोप देताना एकच गोष्ट बजावून सांगितली, "पाणी भरल्याशिवाय काडी लावायची नाही, आणि वरचं तोंड कधी घट्ट बंद करायचं नाही." वाफेला वाट ठेवावीच लागते. घरात लहान मुलं किंवा नवीन माणूस असेल तर हे बंबाशेजारी भिंतीवर लिहून ठेवावं. आम्ही ठेवलंय.

आता तापण्याविषयी, कारण जाहिरातीत यावर सगळ्यात जास्त अतिशयोक्ती असते. तांबं उष्णता स्टेनलेस स्टीलच्या पंचवीसपट चांगली वाहतं, हे खरं आहे. म्हणून तांब्याचा बंब पंचवीसपट लवकर तापतो का? नाही. पत्रा एक मिलिमीटरच्या आतला असतो आणि एवढ्या पातळ भिंतीतून उष्णता स्टीलमध्येही बऱ्यापैकी पार होते. खरा अडथळा धूर आणि पत्रा यांच्यात असतो. धुरातून पत्र्याला उष्णता मिळणंच संथ असतं. शेजाऱ्यांकडे त्याच मापाचा स्टीलचा बंब आहे. सारख्या जळणात आमचं पाणी थोडं आधी तापतं, यापलीकडे काही दावा मी करणार नाही.

मग तांबं कशाला? माझ्या मते कारणं वेगळी आहेत. तांब्यात उष्णता पसरते. जाळ एका बाजूला लागला तरी पत्रा एकाच जागी भाजून निघत नाही. ओल आणि राखेत लोखंडासारखा गंजून खपल्या धरत नाही. पोचा आला तर ठोकून सरळ होतो, चीर गेली तर डाग देऊन पुन्हा वापरात येतो. आणि अगदी टाकायची वेळ आली तरी मोडीत चांगले पैसे मिळतात, कारण तांबं वितळवून पुन्हा घडवलं तरी त्याचा गुण कमी होत नाही. आमच्या धंद्यात हे रोज दिसतं. जळक्या मोटरीतली तार वजनावर जाते आणि फिरून कुठेतरी तार किंवा पत्रा होऊन येते.

आमच्या विहिरीचं पाणी जड आहे आणि बंबाचा खरा शत्रू तोच. पाणी तापलं की क्षार नळकांड्याच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे पाण्याच्या बाजूला, पांढऱ्या थरासारखे बसतात. हा थर उष्णता जवळजवळ अडवतोच, मग भांडं तांब्याचं असो नाहीतर आणखी कशाचं. पाणी तापायला वेळ लागू लागला की हेच कारण समजावं. उपाय सोपा आहे. किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व, लिटरला दोन चमचे, कोमट पाण्यात विरघळवून अर्धा तास बंबात ठेवायचं आणि तोटीतून सोडून द्यायचं. बाहेर येणारं पाणी किंचित निळसर-हिरवं दिसतं. ते विरघळलेलं तांबं असतं. ते झाडांना घालू नका, जनावरांपुढे ठेवू नका. नंतर साध्या पाण्यानं चांगला विसळून घ्यायचा. रात्रभर भिजत ठेवू नये, आम्ल मग क्षार सोडून पत्र्याला लागतं.

बाहेरून तो काळवंडतो. माझी आई चिंच आणि मिठानं घासते आणि काळा थर डोळ्यांदेखत निघतो, कारण आम्लात तांब्यावरचा गंज विरघळतो. तारेचा ब्रश लावू नये. दुकानात बंब चकचकीत राहावा म्हणून काही जण वरून पारदर्शक लॅकर मारतात. आम्ही स्पष्ट नको म्हणालो. जाळाजवळ ते जळतं आणि वास सुटतो.

आता खटकलेल्या गोष्टी. तोटी चांगल्या जाड पितळेची आहे, पण आतला वॉशर साध्या रबराचा निघाला. गरम पाण्यानं तो कडक झाला आणि तोटी टिपकायला लागली. हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनचा वॉशर आणून बदलला, त्यानंतर त्रास नाही. इतक्या मेहनतीच्या वस्तूत एवढ्याशा रबराची काटकसर करायला नको होती. दुसरं, उचलायच्या दोन कड्यासुद्धा तांब्याच्याच आहेत आणि तांबं उष्णता वाहतं, हे कड्यांनाही लागू आहे. भरलेला, तापलेला बंब हलवायचा नसतोच, पण नुसता धक्का लागला तरी हात पोळतो. कड्यांना लाकडी मुठी घालून मागा. आणखी एक म्हणजे ठरल्या तारखेला बंब तयार नव्हता, तारीख पुढे गेली. हातकामाला वेळ लागतो हे मान्य, पण लांबून येणाऱ्या माणसाला एक फोन यायला हवा होता.

थेट टाकीचं पाणी पाइपनं बंबाला जोडून द्या, असं मी सांगून पाहिलं होतं. काकांनी विचारलं, पाइप कसला? जीआयचा म्हटल्यावर त्यांनी सरळ नकार दिला आणि ते बरोबरच होतं. तांबं आणि जस्त चढवलेलं लोखंड ओलीत एकमेकांना टेकले की लोखंड झपाट्यानं खातं. ॲल्युमिनियमची तार तांब्याच्या तारेला नुसती पिळून जोडली की तो जोड काही दिवसांत तापायला लागतो, म्हणून आम्ही बायमेटल लग, म्हणजे एका बाजूला तांबं आणि दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियम असलेला जोड, वापरतो. तो त्याच जातीचा प्रश्न आहे. तांब्याला पितळ चालतं, म्हणून तोटी पितळी.

त्याच खेपेला पाणी प्यायला एक कळशी घेतली, तिच्याबद्दल थोडक्यात. तांब्याच्या भांड्यात जंतू मरतात हे खरं आहे. 2012 साली बंगळुरूच्या संशोधकांनी जुलाबाचे जंतू मुद्दाम सोडलेलं पाणी तांब्याच्या भांड्यात 16 तास ठेवलं, तर नंतर ते जंतू वाढवून पाहता आले नाहीत आणि पाण्यात उतरलेलं तांबं जागतिक आरोग्य संघटनेच्या लिटरला 2 मिलिग्रॅमच्या मर्यादेत पुष्कळ खाली होतं. म्हणजे रात्रभर साठवण्याला अर्थ आहे, सकाळी ओतून लगेच प्यायला नाही. पाण्यातला गाळ, खत किंवा औषधांचे अंश यांवर तांब्याचा काही इलाज नाही, गाळणं-उकळणं सोडू नका. त्यात लिंबूपाणी, ताक, सरबत ठेवू नये, कळकतं. आणि ज्यांना विल्सनचा आजार आहे, म्हणजे शरीरात तांबं साठत जातं, त्यांनी हे पाणी पिऊच नये. पिण्याच्या भांड्याला शिशाचा डाग नको, हे विचारून घ्या. घरातलं एक जुनं तांब्याचं पातेलंही तिथे जवळच कल्हई करून घेतलं. काम सुरेख झालं. कल्हई म्हणजे कथलाचा थर आणि कथील 232 अंशांना वितळतं, तेव्हा कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवू नका.

बंब कुणी घेऊ नये तेही सांगतो. फ्लॅटमध्ये बंद न्हाणीघर असेल तर अजिबात नको. जळणाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि बंद खोलीत तो जीव घेतो. आमचा बंब मागच्या पडवीत उघड्यावर आहे आणि पाणी बादलीनं आत नेतो. जळण विकत घ्यावं लागत असेल तरीही हिशेब जमणार नाही.

ज्यांच्याकडे अंगण आणि सरपण दोन्ही आहे त्यांनी मात्र ऑर्डर गणपतीच्या आसपासच द्यावी. दिवाळी जवळ आली की अभ्यंगस्नानासाठी घंगाळं आणि बंब मागणाऱ्यांची तिथे रीघ लागते आणि मग मोजून, बसून, काम बघून घ्यायला कारागिराकडेही वेळ उरत नाही. जाताना स्क्रूगेज न्या. नसेल तर आपल्या गावातल्या कुठल्याही वायंडिंगवाल्याकडे मागा, तो देईल.